तुम्ही व्हा पुढे!

मराठी माणसाच्या तोंडी असलेल्या सौजन्याच्या वाक्यांत ‘तुम्ही व्हा पुढे, मी आलोच’ या वाक्याचा मान फार मोठा आहे. लग्नाला निघालेल्या मंडळींना कुलपाची किल्ली शोधणारा यजमान हेच सांगतो. देवळाच्या पायऱ्या चढताना दम लागलेली आजी हेच सांगते. आणि टांगा करावयाचा की पायी जावयाचे यावर घरात वाद पडला म्हणजे वडीलधारे माणूस शेवटी कंटाळून हेच सांगते. म्हणणाराला या वाक्याआड आपली अडचण झाकता येते आणि ऐकणाराला आपली घाई. उभयपक्षी सोयीचे असल्यामुळेच ते इतकी वर्षे टिकून राहिले असावे. मी ते आयुष्यात हजारो वेळा ऐकले आणि तितक्याच वेळा मुकाट्याने पुढे झालो. त्याचा अर्थ काय, असा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडला वयाची पन्नाशी उलटल्यावर, आणि तोही गुडघ्याला पट्टा बांधून धावण्याची पाळी आली तेव्हा.

मी कल्याणचा राहणारा आणि मुंबईच्या एका महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवणारा. मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली ती १८५३ साली, आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला येऊन पोहोचली. तेव्हापासून कल्याणकर जो धावू लागला आहे तो अद्याप थांबलेला नाही. परंतु त्याचे धावणे पुलाच्या जिन्यापासून गाडीच्या दारापर्यंतच असते. माझेही तसेच होते. अशा माणसाला मॅरेथॉनच्या नादी लावण्याचे श्रेय आमच्या वकीलमित्राला आहे. तो माझा शाळेपासूनचा सोबती. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा असल्याचे वैद्यांनी त्याला सांगितले, आणि त्याने एकट्याने घाम गाळण्याऐवजी मलाही त्या उंबरठ्यावर ओढून नेले. काळ्या तलावाभोवती पहाटे फिरता फिरता आम्हांला आणखी दोघे भेटले. एक, रेल्वेत गार्डाची नोकरी करणारे आणि वयाने आमच्याहून वडील असे गार्डसाहेब. दुसऱ्या, एका शाळेच्या मुख्याध्यापिका असलेल्या बाई; त्या वयाने आमच्याहून लहान आणि वेगाने पुष्कळच मोठ्या. फिरण्याचे धावणे झाले, धावण्याच्या २१ किलोमीटरच्या शर्यती झाल्या, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात, गार्डसाहेब निवृत्त झाले त्याच सुमारास, आम्ही चौघांनी पुढच्या जानेवारीतील मुंबईची पुरी मॅरेथॉन धावण्याचा बेत केला.

पुरी मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. हा आकडा ऐकून माझ्या घरच्यांचे डोळे पांढरे झाले. मी त्यांना माझ्या परीने हिशेब समजावून दिला. कल्याणहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस रेल्वेने सुमारे ५४ किलोमीटर आहे. म्हणजे तिकडून निघून दिवा स्टेशनापर्यंत यावयाचे, की झाली मॅरेथॉन. जे अंतर मी तीस वर्षे रोज, आणि बहुतेक वेळा एका पायावर उभा राहून, तोडीत आलो ते एकदा दोन पायांनी तोडावयाचे, यात भिण्यासारखे काय आहे? हा युक्तिवाद घरी कोणालाही पटला नाही. खरे सांगावयाचे तर मलाही पटला नव्हता.

मॅरेथॉन या नावामागची कथा मी वर्गात कित्येकदा सांगितली होती. ख्रिस्तपूर्व ४९० मध्ये ग्रीक आणि इराणी यांची मॅरेथॉनच्या मैदानावर लढाई झाली. विजयाची वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावत गेला, वार्ता सांगितली आणि तेथेच गतप्राण झाला. मौज अशी की इतिहासकार हिरोडोटस याला ही हकीकत ठाऊक नाही. त्याने वर्णिलेला दूत धावतो तो स्पार्टाकडे, आणि तोही मदत मागण्यासाठी. पुढील शतकांतील लेखकांनी दुसरी कथा रूढ केली, १८७९ साली ब्राउनिंगने त्या दूतावर कविता लिहिली, आणि १८९६ मध्ये अथेन्सला ऑलिंपिक सामने भरले तेव्हा त्या कथेची शर्यत झाली. मदत मागावयास धावलेला मनुष्य मागे पडला आणि एकट्याने धावून मेलेला अमर झाला! त्या उन्हाळ्यात मी ही गोष्ट आमच्या मंडळींना मोठ्या ऐटीने सांगितली. तिच्यातील मर्म माझ्याच ध्यानात आले नव्हते.

आमच्या गार्डसाहेबांना ग्रीकांचे फारसे कौतुक नव्हते. त्यांचे मूळ गाव बेळगावकडचे. त्यामुळे त्यांचा आदर्श पुरुष म्हणजे फडेप्पा चौगुले. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी खेड्यांतील मुले पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनात हिंदी खेळाडू ऑलिंपिकला धाडण्याचा विचार आला, आणि १९२० साली अँटवर्पला जी लहानशी तुकडी गेली तीत हे चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षाही लांब, ४२ किलोमीटर ७५० मीटरची होती. फिनलंडचा कोलेहमायनेन पहिला आला. आपले चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. “एकोणिसावा आला म्हणून काय झाले, प्रोफेसर?” गार्डसाहेब म्हणत, “पोचला ना? गाडी पोचली पाहिजे. नंबर लावणारे दुसरे लोक असतात.”

ते स्वतः नेहमी शेवटी असत. बाई सर्वांच्या पुढे, त्यांच्या मागे मी, माझ्या मागे धापा टाकीत आणि राजकारणावर बोलत वकील, आणि सर्वांच्या मागे गार्डसाहेब. कोपऱ्यावर आम्ही त्यांच्यासाठी थांबलो की ते लांबूनच हात हलवीत. “तुम्ही व्हा पुढे! गार्डाचा डबा शेवटीच असतो.” या विनोदावर आम्ही हसत असू आणि पुढे होत असू.

बाईंनी आमच्यासाठी वेळापत्रक आखले होते. मंगळवारी आणि गुरुवारी थोडे, शनिवारी विश्रांती आणि रविवारी लांबची दौड. दर आठवड्याला अंतर थोडथोडे वाढवावयाचे, आणि तीन आठवडे चढल्यावर एक आठवडा उतरावयाचे. कागदावर हे फार सुरेख दिसत होते. परंतु त्यात कल्याणचा पावसाळा धरलेला नव्हता. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस उल्हास नदी अशी कोपली की बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून पडली आणि हजारावर उतारूंना होड्यांतून आणि नौकांतून सोडवावे लागले. आमच्याकडे रस्त्यांचे ओढे झाले. जुना पत्रीपूल आदल्या वर्षीच पाडलेला असल्यामुळे वाहनांची गर्दी अपरात्रीही हटत नसे. वकिलाचा पाय खड्ड्यात मुरगळला. तो पंधरा दिवस लंगडत कोर्टात गेला आणि न्यायाधीशांच्या सहानुभूतीचा लाभ आपल्या अशिलांना करून दिल्याची बढाई मारू लागला. माझी टाच दुखू लागली. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला की खिळा रुतल्यासारखे होई. घरात निर्गुडीच्या तेलाचा वास भरून राहिला. “हे वय देवळात जाण्याचे,” असे आमच्या मातोश्री म्हणत; आणि आम्ही टिटवाळ्याच्या गणपतीपर्यंत धावत जाऊन परत येत असू, हे त्यांना सांगितले म्हणजे त्यांची काही काळ समजूत पटे.

तथापि मला या सर्व काळात एक नवेच सुख लागले होते, आणि ते मनगटावरच्या घड्याळाचे होते. आयुष्यभर ज्याला कोणी खेळात घेतले नाही अशा मनुष्याला पन्नाशीनंतर समजते की आपण गेल्या रविवारपेक्षा या रविवारी चार मिनिटे आधी आलो. हे सुख फार फसवे असते. विद्वत्तेचा, पैशाचा आणि कीर्तीचा मोह यांविरुद्ध आपल्या संतांनी आपल्याला पुष्कळ सावध केलेले आहे. चार मिनिटांच्या मोहाविषयी त्यांनी काही सांगितल्याचे माझ्या वाचनात नव्हते.

ऑक्टोबरातील एका रविवारी आम्ही गांधारीचा पूल ओलांडून पडघ्याच्या रस्त्याला लागलो. पावसाने उघडीप दिली होती. दोन्ही बाजूंस भाताच्या लोंब्या पिवळ्या पडू लागल्या होत्या आणि धुके खाली उतरले होते. बाई केव्हाच दिसेनाशा झाल्या. वकील आपल्या पायामुळे त्या दिवशी आलाच नव्हता. आठेक किलोमीटर गेल्यावर मागे पाहिले तो गार्डसाहेब चालत होते. मी थांबलो. त्यांचा चेहरा घामाने निथळत होता. छातीवर हात फिरवीत ते म्हणाले, “रात्री वडे खाल्ले, त्याचे पित्त चढले आहे. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.”

मी क्षणभर घुटमळलो. हे ‘क्षणभर’ मी स्वतःला मुद्दाम आठवून देत असतो, कारण त्या क्षणात मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि नंतर घड्याळाकडे पाहिले. आणि मग मी पुढे झालो.

ठरलेल्या ठिकाणी पोहोचून मी परत फिरलो. वाटेत गार्डसाहेब दिसले नाहीत. ते कंटाळून रिक्षाने घरी गेले असतील असे मला वाटले, आणि न सांगता गेले म्हणून मनातून थोडा रागही आला. त्या दिवसाइतका चांगला मी पूर्वी कधी धावलो नव्हतो. घरी येऊन मी चहा घेतला आणि घड्याळातील आकडे वहीत टिपून ठेवले. नऊच्या सुमारास त्यांच्या मुलाचा फोन आला. गार्डसाहेब रस्त्याच्या कडेला एका मोरीवर बसून राहिले होते. दुधाचा टेम्पो घेऊन जाणाऱ्या एका मनुष्याने त्यांना पाहिले, ओळख ना पाळख अशा त्या माणसाने त्यांना उचलून टेम्पोत घातले आणि कल्याणच्या इस्पितळात पोहोचविले. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगवत नाही.

म्हणजे ज्या मोरीवर ते बसले होते त्या मोरीवरून मी परतताना धावत गेलो होतो. मात्र तेव्हा ती रिकामी झालेली होती. मी जो आकडा वहीत टिपला त्यात त्यांचा तो तास सामावलेला होता. ते पान मी फाडले नाही. ती वही अद्याप माझ्याजवळ आहे.

त्या रात्री मला झोप आली नाही. महाभारताच्या शेवटी पांडव हिमालयाच्या वाटेला लागतात तो प्रसंग सारखा मनात येत होता. प्रथम द्रौपदी पडते, मग सहदेव, मग नकुल, मग अर्जुन आणि भीम. आणि प्रत्येक वेळी धर्मराज पडणाराचा दोष सांगतो आणि मागे वळून न पाहता पुढे चालू लागतो. लहानपणी मला त्याच्या या धैर्याचे नवल वाटे. त्या रात्री वाटले, दोष सांगता येणे ही पुढे जाणाराची केवढी मोठी सोय आहे! सहदेवाला बुद्धीचा गर्व होता, अर्जुनाला शौर्याचा. गार्डसाहेबांनी रात्री वडे खाल्ले होते. तोच धर्मराज स्वर्गाच्या दाराशी एका कुत्र्यासाठी अडून बसतो आणि त्याच्यावाचून आत जाण्याचे नाकारतो. त्याला हे वाटेत सुचले की दाराशी पोहोचल्यावर, याचे उत्तर व्यासांनी दिलेले नाही.

दोन दिवसांनी मी भेटावयास गेलो तेव्हा गार्डसाहेब उशीला टेकून बसले होते. काय बोलावे ते मला सुचेना. क्षमा मागण्यासाठी जुळविलेली सर्व वाक्ये मी विसरलो. तेच म्हणाले, “किती वेळ लागला परवा?” मी मान खाली घातली. त्यांनी पुन्हा विचारले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “मीच म्हटले होते ना, पुढे व्हा म्हणून? मग झाले.” या उदारपणाने माझे ओझे हलके झाले नाही, उलट ते किती आहे तेवढे मात्र नेमके कळले.

नोव्हेंबरात दैवाने माझा हिशेब चुकता करावयास घेतला. उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला अशी कळ येऊ लागली की जिना उतरताना कठड्याला धरून तिरके उतरावे लागे. व्यायामोपचार करणाऱ्या तरुण मुलीने मला तपासले आणि दुखणे गुडघ्यात नसून कमरेत असल्याचे सांगितले. खुर्चीत बसून बसून माझे खुब्याचे स्नायू दुबळे झाले होते आणि त्यांचे काम गुडघा बिचारा करीत होता. “तीन आठवडे धावावयाचे नाही,” ती म्हणाली, “चालावयास हरकत नाही.” कुशीवर निजून पाय वर उचलण्याचे व्यायाम तिने शिकवले. ते करताना मला पाहून आमची नात टाळ्या वाजवीत असे.

चालावयास कोण सोबत मिळणार? बाई आणि वकील धावत होते. राहिले गार्डसाहेब, त्यांनाही डॉक्टरांनी हळूहळू चालण्याची परवानगी दिली होती. अशा रीतीने चौकडीतील दोन मोडके भिडू काळ्या तलावाभोवती प्रदक्षिणा घालू लागले. दोन वर्षे आम्ही बरोबर धावलो होतो असे मी म्हणत असे. परंतु त्यांच्या बरोबर असे मी प्रथमच चाललो. त्यांचे पाऊल मला कमी पडे. चारचौघांत बोलण्याची सवय असलेल्या माणसाला गप्प राहून दुसऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळविणे किती कठीण जाते, हे अनुभवल्याशिवाय कळावयाचे नाही.

त्या फेऱ्यांत त्यांनी मला आपल्या नोकरीच्या गोष्टी सांगितल्या. कसाऱ्याच्या घाटात मालगाडीला मागून इंजिने जोडून ती इगतपुरीपर्यंत लोटीत न्यावी लागते, पावसाळ्याच्या रात्री त्या गाडीच्या शेवटच्या डब्यात कंदिलाच्या सोबतीने बसलेल्या माणसाला काय वाटते, अशा कितीतरी. एके दिवशी मी त्यांना विचारले की आयुष्यभर सर्वांच्या मागे बसून कंटाळा कसा आला नाही? ते थांबले. थांबल्याखेरीज ते महत्त्वाचे काही बोलत नसत.

“प्रोफेसर, गाडी स्टेशनातून गेली म्हणजे स्टेशनमास्तर कोठे पाहतो, ठाऊक आहे? इंजिनाकडे नाही. तो शेवटच्या डब्याकडे पाहतो. त्याच्यावर दिवसा ‘एल. व्ही.’ अशी पाटी आणि रात्री तांबडा दिवा असतो. तो दिसला तरच गाडी पुरी आली असे धरावयाचे आणि मागच्या स्टेशनाला मार्ग मोकळा झाल्याचे कळवावयाचे. दिवा दिसला नाही तर गाडी तुटून चार डबे मागे रुळावर उभे असतील. इंजिन आले म्हणून गाडी आली असे होत नाही.”

त्यांनी हे मला टोमणा म्हणून सांगितले नव्हते. त्यांच्या बोलण्यात टोमणे नसतच. परंतु मी ती फेरी एक शब्द न बोलता पुरी केली. बीकनचे निबंध मी पंचवीस वर्षे शिकवले आहेत आणि मैत्रीवरचा त्याचा निबंध मला जवळजवळ पाठ आहे. त्यात मला जे सापडले नव्हते ते रेल्वेच्या नियमांच्या पुस्तकात होते.

जानेवारी उजाडला तेव्हा माझा गुडघा सुधारला होता, पण सराव पुष्कळ बुडाला होता. मी माघार घ्यावी असे घरच्यांचे मत होते. माझेही जवळजवळ झाले होते. गार्डसाहेब म्हणाले, “जा. वेळापत्रक सोडून द्या आणि जा. लेट गाडीलाही सिग्नल मिळतो.” १९ जानेवारी २०२० रोजी धावकांसाठी पहाटे तीन वाजता कल्याणहून खास लोकल सुटली. तीत आम्ही तिघे होतो, आणि चौथे, लोकरीची टोपी कानांवर ओढलेले गार्डसाहेब होते. कोणी सांगूनही ते घरी राहिले नव्हते.

मुंबईच्या त्या शर्यतीचे वर्णन पुष्कळांनी केले आहे; मी ते वाढवीत नाही. अंधारात निघालेला तो हजारो पावलांचा एकच आवाज, वरळी-वांद्रे सागरी सेतूवर फुटणारे तांबडे, माहीमच्या गल्ल्यांतून संत्र्याच्या फोडी आणि मीठ लावलेली काकडी घेऊन उभी असलेली मुले, हे सर्व मी पाहिले. बाई पहिल्या दोन किलोमीटरांतच गर्दीत दिसेनाशा झाल्या. मी आणि वकील बरोबर होतो. तीसाव्या किलोमीटरच्या आसपास शरीरातील साखरेचा साठा संपत येतो आणि पाय दुसऱ्या कोणाचे तरी असल्यासारखे वाटू लागतात, हे मी वाचले होते. आता प्रत्ययास आले. वरळीला परतताना वकिलाच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. तो दुभाजकाला धरून उभा राहिला. त्याच्या तोंडून कळवळ्याचा एक शब्द निघाला आणि पाठोपाठ ते वाक्य निघाले. “अरे, तू हो पुढे. मी आलोच.”

वाचकांना येथे मी लगेच थांबलो असे सांगावयास मला आवडले असते. मी थांबलो नाही. सवयीने पाय पुढे गेले. चाळीस-पन्नास पावले मी गेलो असेन. मग मागे वळून पाहिले. तो रस्त्याकडेला बसला होता आणि आपल्या बुटाची नाडी उगाच सोडून बांधीत होता. मी परत गेलो. माझ्या परतण्यात स्नेह किती होता, ऑक्टोबरातील त्या मोरीची आठवण किती होती आणि माझा ठणकणारा गुडघा किती होता, याचा हिशेब मी अद्याप केलेला नाही आणि करणारही नाही. त्याच्या पोटऱ्या मी दाबून दिल्या. मीठ घातलेले पाणी त्याला पाजले. मग आम्ही चालू लागलो. पेडर रोडच्या चढावर शेकडो लोक आमच्या पुढे गेले. त्यांत एक सत्तरीचे गृहस्थ आणि एक हनुमानाचे सोंग घेतलेला तरुणही होता. वकील म्हणाला, “याच्यापुढे अपील नाही.” त्या चढावर आम्ही शाळेतल्यासारखे हसलो.

१९०८ साली लंडनच्या शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री मैदानात पहिला आला. पण शेवटच्या काही पावलांत तो पुनःपुन्हा कोसळला आणि पंचांनी त्याला हात देऊन रेषेपार नेले. मदत घेतली म्हणून त्याला बाद ठरविण्यात आले आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या हेज याला मिळाले. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने पिएत्रीला चषक दिला. शर्यतीचा कायदा बरोबरच होता. पंच चुकले यात शंका नाही. परंतु माझ्या मनात आता असे येते की कोसळणाऱ्या माणसाकडे धावून गेलेल्या त्या पंचांच्या हातांना कायदा आठवण्यास वेळ लागला, ही मनुष्यजातीच्या दृष्टीने फार समाधानाची गोष्ट आहे.

मरीन ड्राइव्हला आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन चांगलेच तापले होते आणि रस्ता विरळ झाला होता. समुद्राच्या कठड्यापाशी लोकरीची टोपी घातलेली एक आकृती उभी दिसली. आम्हांला पाहताच तिने पिशवीतून काहीतरी काढले आणि उंच धरले. ती एक जुनी, उन्हात विटलेली हिरवी झेंडी होती. आम्ही थांबलो नाही. तेही काही बोलले नाहीत. मात्र थोड्या वेळाने मी मागे पाहिले तो ते पदपथावरून, आपल्या त्याच संथ पावलांनी, झेंडी काखेत धरून, आमच्या मागोमाग येत होते. आमचा वेग तेव्हा इतका उतरला होता की आमच्यातील अंतर फारसे वाढत नव्हते.

आम्हांला ६ तास ३८ मिनिटे लागली. बाई दीड तासापूर्वीच पोहोचून केळी खात बसल्या होत्या. आम्ही मैदानात गवतावर पडलो, परंतु कोणी घरी जाण्याची भाषा काढीना. पाऊण तासाने गर्दीतून टोपी दिसली. ते जवळ आले, आमच्याकडे एकवार बोट फिरवून त्यांनी ‘एक, दोन, तीन’ असे मोजले, आणि मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, “चार. गाडी पुरी आली.”

पदक मी घरी एका खिळ्याला टांगले आहे. नात ते अधूनमधून गळ्यात घालते. त्यानंतर दोन महिन्यांत टाळेबंदी आली, आणि पुढे पुष्कळ दिवस कोणीच कोणाबरोबर धावले नाही. २०२२ पासून रेल्वेने गार्ड या हुद्द्याचे नाव ‘ट्रेन मॅनेजर’ असे केले आहे. आमचे स्नेही मात्र गार्डच राहिले. काळ्या तलावाभोवती आमची चौकडी अजून जमते. बाई पूर्वीसारख्याच पुढे निघून जातात आणि आम्ही त्यांना खुशाल जाऊ देतो, कारण ज्याच्या पायांत बळ आहे त्याने धावावे हेच योग्य. मी मात्र आता पहाटे घड्याळ घरी ठेवून जातो. चालता चालता गार्डसाहेबांना कधी दम लागतो, ते हात हलवून म्हणतात, “तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.” हे वाक्य ऐकले म्हणजे त्याच्या पाठीमागे काय आहे ते पाहण्यासाठी आपण वळून उभे राहावयाचे असते, एवढे मी उशिरा का होईना शिकलो आहे. तलावाच्या कठड्यावर मी त्यांच्याशेजारी बसतो. पाण्यावर उजाडत असते. घाई कोणालाच नसते.